आधी बसा, खर्च मोजा

वाचन : लूक 14:25-33



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. शहाणा माणूस आधी खाली बसतो, खर्च मोजतो आणि मगच पाया खणतो. काम अर्धवट राहिले तर लोक हसतात. प्रभूच्या मागे जाण्याची किंमत कळावी म्हणून हा दाखला आहे. पण तो आपल्या घरातल्या निर्णयांनाही लागू पडतो.

माढ्याकडच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाचा विचार करा. मुलगी रविवारी मिस्सेच्या वेळी पेटी वाजवते. बारावी झाली आहे आणि तिला चर्चचा ऑर्गन शिकायचा आहे. आईला आनंद होतो; वडील उसाच्या बिलाचा विचार करतात. अशा वेळी काही जण 'हे आपले काम नाही' म्हणून वाट बंद करतात. काही जण मोठ्या नावाला भुलून जमीन गहाण टाकतात. प्रभू यांपैकी काहीच सांगत नाही. तो म्हणतो : बसा आणि मोजा.

काय मोजायचे? ऑर्गन दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी वाजवतात. नळ्यांचे ऑर्गन आपल्या देशात थोडे, तेही बहुतेक शहरांतल्या जुन्या चर्चमध्ये. म्हणून फीच्या आधी विचारावे : शिकवणार कोण, आणि सरावाला वाद्य रोज किती वेळ मिळणार?

मग फी आणि राहण्याचा खर्च वेगवेगळा मांडावा. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत ऑर्गन शिकवतात आणि 1928 पासून शिकवणीची फी घेत नाहीत. पण जागा अगदी मोजक्या. जर्मनीच्या बहुतेक सरकारी संगीत महाविद्यालयांत फी नाही किंवा थोडी आहे आणि चर्च-संगीताची वेगळी पदवीही मिळते. पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-जेवणाचे सुमारे 12 हजार युरो, म्हणजे दहा लाखांहून जास्त रुपये, दाखवावे लागतात. शिवाय जर्मन भाषा आणि प्रवेशाची वादन-परीक्षा आहेच. फी शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे.

पाया मात्र जवळ घालता येतो. आपली पेटी ऑर्गनची धाकटी बहीणच. 1842 मध्ये पॅरिसला हार्मोनियमचे पेटंट घेतले गेले, आणि भारतात आल्यावर ती जमिनीवर मांडी घालून बसली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत, दुसरी पदवी घेत घेत देता येतात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी आहे. पाश्चात्त्य स्वरलिपी आणि पियानो शिकायला पणजीची कला अकादमी आहे. पियानोवर हात बसला, तर पुढे ऑर्गनचे दार ठोठावता येईल. तोवर पेटीला कमी लेखू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ऑर्गनला मोठा मान दिला, तसाच उपासनेला शोभणाऱ्या इतर वाद्यांनाही वाव दिला.

पण बंधू-भगिनींनो, हा हिशेब फक्त आईवडिलांनीच करायचा का? इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वरासाठी गायन शिकलेल्या 288 जणांची नोंद आहे. नवव्या अध्यायात म्हटले आहे की मंदिरातील गायकांना इतर कामे नव्हती. म्हणजे त्यांचा भार साऱ्या लोकांनी उचलला होता. आपण सणाच्या मंडपावर आणि लाउडस्पीकरवर खर्च करतो. वाजवणाऱ्या मुलीच्या परीक्षेची फी कोण भरतो? कुर्डुवाडीहून पुण्याला शिकायला जाण्याचे भाडे कोण देतो? चर्चमधला कीबोर्ड आठवडाभर कुलुपात राहतो. सरावासाठी त्याची किल्ली तिला द्यायला तर एक पैसाही लागत नाही.

दाखल्याच्या शेवटी प्रभू सर्वस्व सोडायला सांगतो. आईवडिलांनी मोठ्या नावाचा हट्ट सोडावा. मुलीने रोजचे दोन तास सोडावेत. आणि आपण 'ते त्यांचे त्यांनी बघावे' ही सवय सोडावी. 22 नोव्हेंबरला संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण असतो. त्याच्या आत आपल्या धर्मग्रामात असे मूल कोण आहे ते शोधू या आणि त्याच्या आईवडिलांबरोबर हिशेबाला बसू या.

हे प्रभो, तू दिलेले दान पैशावाचून वाया जाऊ देऊ नकोस, आणि आमच्या हातून अर्धवटही राहू देऊ नकोस. आमेन.