झाकलेला दिवा



मोटारीची किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. दिवा लागलेलाच राहिला, तर कोठेतरी दोष आहे असे समजावे. कधी सीटखालचा प्लग सैल झालेला असतो, कधी स्टीअरिंगमधील गुंडाळीची तार तुटलेली असते. गाडी मात्र पूर्वीसारखीच धावते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण अपघाताच्या क्षणी ती पिशवी फुगेलच असे नाही. दिव्यावर पट्टी चिकटवून दोष जात नाही. जाणकाराकडूनच तपासणी करून घ्यावी लागते.

सद्सद्विवेकबुद्धी हा देवाने अंतःकरणात ठेवलेला असाच दिवा आहे. दाविदाने पाप झाकले, तरी राज्यकारभार चालूच होता. नाथान संदेष्ट्याने दोष दाखवला, तेव्हा मात्र त्याने तो कबूल केला (2 शमुवेल 12). आपणही उपासनेला येतो, वर्गणी देतो, मुलांकडून वचने पाठ करून घेतो; आणि सख्ख्या भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो. स्तोत्र 139 च्या शेवटी भक्त देवालाच आपले अंतःकरण तपासावयास विनवतो. येत्या प्रभुभोजनापूर्वी आपणही तसेच विनवू या, आणि त्या भावाच्या दारी जाऊ या. दोष दाखवणारा प्रभू तो दूर करण्यासही समर्थ आहे. आमेन.