नुसत्या हाताची मूठ

कांजूरमार्गला रेल्वेच्या दोन्ही अंगांना कराटेचे क्लास चालतात. सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या पटांगणात, जागाच नसेल तर गच्चीवर. पांढऱ्या ड्रेसमधली पोरे ‘इची, नी, सान’ म्हणत हवेत पंच मारत असतात. मूठ कमरेपासून निघते, मनगट फिरवत पुढे जाते, आणि त्याच झटक्यात दुसरी मूठ कमरेला परत येते. दिसायला देखणे असते यात शंका नाही. मुलीला क्लासला का घातले असे विचारले की बहुतेक आयांचे उत्तर ठरलेले असते: सेल्फ डिफेन्स. माझी तक्रार क्लासबद्दल नाही, शिकवण्याच्या क्रमाबद्दल आहे. जिला जन्मात एखाद्याच वेळी हात उचलावा लागेल, तिला पहिल्या दिवसापासून मूठ कशासाठी शिकवायची? आधी उघडा पंजा का नाही?

मनगट धरून हातात २७ हाडे असतात. त्यांतली करंगळी आणि अनामिकेच्या मागची, तळहातातली हाडे बारीक आणि हलती. ठोसा नीट बसायचा तर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठी पुढे याव्या लागतात, मनगट ताठ राहावे लागते, आणि हे सगळे भीतीने हातपाय गार पडलेले असताना जमावे लागते. नवख्या माणसाची मूठ आडवी फिरते आणि करंगळीच्या बाजूने आदळते. त्यात समोरचा सहज प्रेरणेने मान खाली घालतो आणि नाकावर धरलेला नेम कपाळावर जातो. कपाळाचे हाड काय चीज आहे हे तेव्हा कळते. करंगळीमागचे हाड असे मोडले की हाडांचे डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, पण ते घेऊन येतात ते बहुतेक भांडणात हात चालवलेले किंवा भिंतीवर राग काढलेले लोक. समोरच्याचा दात लागला तर आणखीच वाईट. गाठीवरची बारीकशी जखम कोणी मनावर घेत नाही आणि तोंडातले जंतू तिथून थेट सांध्यात शिरतात.

नवखेच कशाला? ऑगस्ट १९८८ मध्ये माईक टायसन हेवीवेट जगज्जेता होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिच ग्रीन या जुन्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची रस्त्यात जुंपली, आणि ग्रीनला मारताना टायसनच्याच उजव्या हाताचे हाड मोडले. हात तोच, ताकद तीच. फक्त त्यावर ना पट्टी होती ना ग्लोव्ह.

इतिहासात पाहिले तर जिथे मुठीचे राज्य आहे तिथे मूठ सहसा एकटी नसते. ग्रीक मुष्टियोद्धे हाताला चामड्याच्या वाद्या गुंडाळत. इंग्लंडात १८६७ मध्ये क्वीन्सबेरी नियम आले आणि त्यांनी ग्लोव्ह सक्तीचे केले. आपल्याकडचे उदाहरण बडोद्याचे. १८६०च्या दशकात खंडेराव गायकवाडांच्या दरबारी लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने मल्लांची जी झुंज पाहिली, तीत मुठीवर शिंगाची नखे बांधलेली होती. ती वज्रमुष्टीच्या परंपरेतली झुंज. शेवट रक्तबंबाळ व्हायचा, त्यामुळे ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण रोज अंग कसणाऱ्या त्या मल्लांनीही मुठीवर काहीतरी चढवलेच होते.

याउलट, जिथे हात उघडा ठेवून लढायचे तिथे पंजाच कामाला येतो. आपल्या लाल मातीत मल्ल पंजाला पंजा भिडवतो, मानेवर पंजा टाकून खेचतो. ठोशाला तिथे जागाच नाही. जपानी सुमोत मूठ मारायला बंदी आहे, तळहाताने हाणायला नाही. १९९३ मध्ये जपानातच सुरू झालेल्या ‘पँक्रेस’ स्पर्धांत तोंडावर मूठ मना होती आणि पंजा चालत होता; बास रूटन हा तिथला लढवय्या त्याच पंजाने भल्याभल्यांना झोपवायचा. शांघायच्या पोलिसांना आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना शिकवणाऱ्या फेअरबेर्नचा आवडता फटका हनुवटीखाली तळहाताच्या टाचेचा होता.

खुद्द कराटेतही हे आहेच. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, नीट पाहा, उघड्या हाताची तंत्रे जागोजागी दिसतील. पण कुमितेच्या, म्हणजे समोरासमोरच्या लढतीच्या, मॅटवर जागतिक महासंघाचे नियम लागू होतात आणि त्यांत उघड्या हाताने चेहऱ्यावर वार करायला बंदी आहे. बोट डोळ्यात जाईल ही भीती रास्त आहे, खेळाला तो नियम हवाच. मात्र पदक मॅटवर मिळत असल्यामुळे सराव मॅटचाच होतो, आणि स्पर्धेच्या सोयीचा नियम नकळत स्वसंरक्षणाचा धडा होऊन बसतो.

आता तो धडा सकाळच्या लोकलमध्ये नेऊन पाहा. कांजूरला फास्ट गाडी थांबत नाही. स्लो येते ती ठाणे, मुलुंड, भांडुपची गर्दी घेऊनच. दारातल्या बाईच्या एका हातात पर्स, दुसऱ्याने वरची कडी धरलेली. त्या चेंगराचेंगरीत कोपर कमरेमागे नेणार कुठे? पंजा मात्र छातीपासून सरळ वर जातो. मनगट मागे वाकवलेले, बोटे किंचित आखडलेली, आणि तळहाताची मांसल टाच समोरच्याच्या हनुवटीखाली. मागे हाताचे हाड सरळ रेषेत उभे असते, मनगट लचकायला वाव कमी. चुकला आणि कपाळावर बसला तरी दुसऱ्या दिवशी त्या हाताने डबा भरता येतो.

तरी मुलींना हे पटत नाही, आणि त्याचे कारण शरीरात नाही. उघडा हात म्हटला की आपल्याला थप्पडच आठवते. थप्पड घरात मोठ्यांनी लहानांना द्यायची, ती शिक्षा. चारचौघांत दिली तर अपमान. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली लावण्याच्या भाषेवरून नारायण राणे या केंद्रीय मंत्र्यांना अटक झाली, तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ उठला तो मानापमानाचा होता. कोणाला इजा होईल ही चिंता नव्हती. खरे तर कानावर सपाट हात बसला तर पडदा फाटू शकतो. पण मनात गणित पक्के आहे: मूठ मर्दाची, चापट बाईची. मग जिला दुबळे दिसायचे नाही ती मूठच मागणार. तळहाताच्या टाचेचा फटका आणि थप्पड यांत नात्यापुरतेच साम्य आहे, हे पॅडवर हाणून पाहिल्याशिवाय कोणाला पटत नाही. पॅड धरणारा दोन पावले मागे गेला की मुलगी आपल्याच हाताकडे बघते.

मूठ फेकून द्या असे मी म्हणत नाही. पोटात, बरगड्यांत, मऊ जागी मूठच खोल जाते. बोटे आत असल्याने ती मुरगळत नाहीत, आणि पोहोचही थोडी जास्त मिळते. जी पोरगी चार-पाच वर्षे टिकेल तिने मूठ शिकावीच, पंचिंग बॅगवर, हाताला पट्टी बांधून. पण सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ चालते, ते काही महिन्यांपुरते. तेवढ्या अवधीत मनगट ताठ होत नाही आणि गाठी पक्क्या होत नाहीत. तिथे पंजा, कोपर, गुडघा आणि मोठ्याने ओरडणे एवढेच शिकवले तरी पुष्कळ. क्लास चालवणाऱ्या सरांची अडचण वेगळी आहे, आणि ती खोटी नाही: बेल्टच्या परीक्षेत पंचला मार्क आहेत, आणि पालक फी भरतात ते पुढच्या बेल्टसाठी.