भेगेचं टोक

पत्र्याला भेग गेली की जुना मेकॅनिक एक काम करतो. भेग जिथे संपते, नेमक्या त्या जागी ड्रिलने गोल भोक पाडतो. सकाळी माल घेऊन निघालेल्या एखाद्या टेम्पोच्या फाळक्यावर असं भोक दिसतं. आधीच फाटलेल्या पत्र्याला आणखी भोक, हे पाहणाऱ्याला उलटंच वाटतं. पण भेग बहुतेकदा तिथे थबकते.

भेग लांबीने दिसते, वाढते मात्र टोकाकडून. टोक अणकुचीदार असतं, म्हणून आजूबाजूचा ताण त्या एवढ्याशा जागी गोळा होतो. गोल भोक तोच ताण आपल्या कडेवर पसरून घेतं. भार कमी होत नाही. त्याला टेकायला जागा मिळते.

धातू थकतो, तो बहुधा रोज पेलवणाऱ्या भारानेच. भार येतो, जातो, पुन्हा येतो. प्रयोगशाळेत हेच सावकाश पाहतात. धातूच्या तुकड्यात मुद्दाम खाच पाडतात. तो यंत्रात धरून ओढतात, सैल सोडतात, पुन्हा ओढतात. किती आवर्तनं झाली आणि भेग किती सरकली, एवढंच मोजत राहतात. एका आवर्तनामागे मिलिमीटरचा कोटीवा भाग, इतका वेग मंदावला की भेग जवळपास थांबली असं धरतात. हे अंतर दोन अणूंमधल्या अंतराहूनही कमी. म्हणजे कित्येक आवर्तनं काहीच घडत नाही, मग कुठेतरी कणभर सरकतं. पुढे तिने वेग धरला, की तुटलेल्या भागावर बारीक समांतर रेषा उमटू लागतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसतात. अनेक धातूंत एकेका आवर्तनाची एकेक रेषा वाचता येते. धातू काही विसरत नाही, फक्त बोलत नाही.

या शास्त्रातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक कबुली. ती फार महागात मिळाली. २२ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकी हवाई दलाच्या एका एफ-१११ विमानाचा पंख नेवाडात उडतानाच तुटला. दोघेही वैमानिक गेले. विमान जेमतेम शंभर तास उडालेलं. पंख जिथे वळतो तिथल्या पोलादी भागात घडणीपासूनच दोष होता आणि तपासण्यांतून तो निसटला होता.

त्यानंतरच्या काही वर्षांत हवाई दलाने आपली रीतच बदलली. भाग कोरा असला तरी त्यात भेग आहे, असं धरूनच हिशेब सुरू करायचा. नाजूक छिद्रांच्या कडेला सुमारे सव्वा मिलिमीटरची, दिसो न दिसो. या रीतीत काहींना अविश्वास दिसेल. मला त्यात जिव्हाळा दिसतो. जी भेग नाहीच म्हणून सांगितली जाते, तिचं टोक कोणी शोधायला जात नाही. आहे म्हटलं, की निदान तिची चाल तरी विचारता येते.

आणि चाल कळली की मुदत काढता येते. नजरेला येण्याजोगी झालेली भेग घातक व्हायला किती उड्डाणं लागतील, ते मांडतात. तपासणी मात्र त्या मुदतीच्या निम्म्यावरच ठेवतात. एखाद्या वेळी माणसाची नजर चुकली, तर पाहायला आणखी एक संधी उरावी म्हणून.