दुसरी घंटा

आमच्या चर्चची पहिली घंटा साडेआठला व्हायची, दुसरी नऊला. या अर्ध्या तासात आईची जी तारांबळ उडायची, तशी आठवड्यात एरवी कधी उडत नसे. मटणाला हळद-मीठ लावलेलं, वाटण पाट्यावरून वाटीत आलेलं, कणीक ओल्या फडक्याखाली. दुसरी घंटा झाली की डोक्यावर पदर घेत ती उंबरा ओलांडायची. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं की तिचे डोळे खिडकीतून सरकणाऱ्या उन्हाकडे जायचे. आशीर्वाद झाल्यावर पुरुष आवारातल्या चिंचेखाली रेंगाळत, बायका मात्र झपाझप घराकडे वळत. जेवणं झाली की वडील आडवे व्हायचे आणि म्हणायचे, “प्रभूचा दिवस आहे, विसावा घ्यावा.” भांडी आई घासायची.

यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. वाटलं ते पुष्कळ वर्षांनी, चौथी आज्ञा सावकाश वाचताना. दहा आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येतात, एकदा ‘निर्गम’मध्ये आणि एकदा ‘अनुवाद’मध्ये. शब्बाथ पाळा, हे दोन्हीकडे आहे, पण कारणं निराळी दिली आहेत. ‘निर्गम’ म्हणतं, देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी तो विसावला. ‘अनुवाद’ सृष्टीचं नावच काढत नाही. तुम्ही मिसरात गुलाम होतात, हे ध्यानात ठेवा, एवढंच तिथं कारण आहे. ज्यांना कधी सुट्टी नव्हती, त्यांनी सुटका झाल्यावर आधी दुसऱ्याला सुट्टी द्यायची. मग यादी येते : मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका. तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असा खुलासाही पुढं आहे.

यादीत बायको नाही. भाष्यकार सांगतात की आज्ञा ज्याला उद्देशून आहे त्या ‘तू’मध्येच ती धरलेली आहे. आमच्या घरी ती धरलेली नव्हती.

शब्बाथ हा शब्द ज्या हिब्रू धातूवरून आला त्याचा अर्थ थांबणं असा आहे. थकवा घालवणं हा त्यातला मुद्दाच नव्हे. देव काही दमला नव्हता. काम संपलं म्हणूनही थांबायचं नाही, कारण काम संपत नसतं. आपल्याकडे काही भागांत सोमवारी बैल जुंपत नाहीत, रान अर्धं राहिलं तरी. बैल दमलाय का, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. वार आला, जू उतरलं. उपासनेचंही मला असंच वाटतं. हात जोडायचे तर आधी हातातलं खाली ठेवावं लागतं. जग माझ्यावाचून तासभर चालेल, हे कबूल करणं माझ्यासारख्या कामसू माणसाला गुडघे टेकण्याहून जड जातं.

ख्रिस्ती मंडळींनी हा दिवस सातव्यावरून पहिल्यावर आणला, कारण येशूचं पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं. (शनिवारच पाळणारे ॲडव्हेंटिस्ट बांधव पुण्यातही आहेत आणि याबाबत त्यांचा आमच्याशी वाद आहे, तो इथं नको.) या बदलात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. सहा दिवस राबून मिळालेली मजुरी, असं विसाव्याचं रूप आता राहिलं नाही. तो आधीच हातात ठेवला जातो, काम नंतर.

पण जवळजवळ तीन शतकं रविवार हा रोमी साम्राज्यात कामाचाच दिवस होता. इ. स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाच्या सुभेदारानं बिथिनियाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तर भागातून, सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. हे ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि पांगतात, असं त्यानं कळवलं. खरं-खोटं पाहायला त्यानं मंडळीची सेवा करणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांना यातना दिल्या. उजाडण्यापूर्वी का, तर माझ्या मते उजाडल्यावर धन्याचं घर वाट बघत असणार. सुट्टी नसतानाही उपासना तगली, ती अशा बायकांच्या झोपेतून वेळ काढून. पुढं ३२१ साली कॉन्स्टंटाइननं सूर्याच्या या दिवशी न्यायालयं आणि शहरातले धंदे बंद ठेवायचा हुकूम काढला. हुकुमात ख्रिस्ताचं नाव नाही. शेतकऱ्याला सुट्टीही नाही, म्हणजे काम करायची मोकळीक आहे : पेरणीचा मोका हुकता कामा नये.

रविवार पाळणाऱ्यांच्या राज्यातही मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालक कबूल झाले. लोखंडे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे, आणि रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्या मागणीमागं होतं म्हणतात. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक हा इतिहास आमच्या शब्बाथाच्या प्रवचनात कधी आणत नाही. ‘अनुवाद’मधलं कारण ज्यानं इथं अमलात आणलं, त्याचं नाव वेदीवरून घ्यायला काय हरकत आहे?

प्रवचनात येतो तो एरिक लिडेल. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून तो धावला नाही. पुढं चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. गोष्ट इथं थांबवतात. नंतर तो मिशनरी म्हणून चीनमध्ये गेला आणि युद्धात जपान्यांच्या वेइशिएनच्या छावणीत अडकला. तिथली मुलं रविवारी हॉकी खेळायला लागली. पंच नव्हता, म्हणून मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. १९४५च्या फेब्रुवारीत त्याच छावणीत तो वारला. मला पॅरिसपेक्षा हा रविवार मोठा वाटतो.

वडील गेल्यावर आमच्या घरी रविवारचं मटण बंद झालं. शनिवारी रात्री मी खिचडी आणि कढी करून ठेवू लागलो. पहिल्या रविवारी आशीर्वादानंतर आई बाकावरून उठलीच नाही. स्तोत्रांची पुस्तकं कपाटात गेली, पेटी झाकली गेली, चिंचेखालची माणसंही पांगली, तरी ती बसून होती. मी दाराशी थांबलो. शेजारी चर्चचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. त्याला दुपारी बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी पुन्हा यायचं होतं, खुर्च्या मांडायला.