दोष शोधण्याचे मोल

वाचकहो, एखादी वस्तू बिघडली म्हणजे आपण ती दुरुस्तीला देतो, आणि ती चालू लागली की दुरुस्त झाली असे मानतो. चालू लागणे आणि दुरुस्त होणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? प्रश्न वरवर यंत्राचा वाटेल. परंतु त्याच्या पोटात सचोटीचे दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. वरवरचा उपाय हा उपाय नव्हे हे कारागिराला पुष्कळदा ठाऊक असते, मग तो तसा उपाय का करतो? आणि दडलेल्या दोषाची कुणकुण असताना वस्तू दुसऱ्याला विकावी काय? हे प्रश्न हवेत तरंगत राहू नयेत म्हणून एका जुन्या पिकअप गाडीचे उदाहरण घेतो. ते जरा तपशिलाने सांगावे लागेल. विजेच्या तारांत ज्यांना गोडी नाही त्यांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

गाडी भिलाईची. सोव्हिएत संघाच्या साह्याने येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, हे अनेकांना माहीत असेल. देशाच्या रेल्वेला लागणाऱ्या रुळांचा मोठा भाग येथे घडत आला आहे. नोकरीच्या निमित्ताने नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूंनी कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले तेव्हा त्यांची पुढची पिढी येथलीच झालेली होती. अशाच एका कुटुंबातील गृहस्थ निवृत्तीनंतर एक जुनी पिकअप बाळगून होते. हंगामात धमध्याकडून टमाटे दुर्ग-भिलाईच्या बाजारात आणावेत, एरवी मिळेल ते भाडे करावे, असा त्यांचा क्रम असे.

या गाडीला एक विचित्र खोड होती. रात्री दिवे लावलेले असता ब्रेक दाबला की मागचा उजवा दिवा अधिक तेजस्वी होण्याऐवजी मंद होई, आणि कधी कधी पार विझे. दिवसा ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचे दिवे उगीचच मिणमिणत. हे नेहमी होत नसे. रिकामी गाडी अंगणात उभी असली की सारे यथास्थित. माल भरला, रस्ता खडबडीत लागला आणि त्यात पाऊस झाला, की दोष डोके वर काढी. मागून भरधाव ट्रक येत असावा आणि थांबण्याच्या नेमक्या क्षणी आपल्या गाडीचा दिवा मालवावा, याचा अर्थ काय होतो हे रात्री महामार्गावरून गाडी हाकणाऱ्या कोणालाही विचारा.

दीड-दोन वर्षांत या गाडीवर बरेच हात फिरले. एकाने बल्ब बदलला. दुसऱ्याने होल्डर बदलला. तिसऱ्याने ब्रेकचा स्विच नवा बसविला. चौथ्याला जुन्या तारेचा संशय आला; त्याने ब्रेकलाईटसाठी पुढून मागपर्यंत नवी वायर ओढली, परंतु ती चॅसिसच्या उघड्या कडेवरून, वर नळी न चढविता. काही महिन्यांत त्या कडेने वायरचे प्लॅस्टिक खाल्ले आणि धक्का बसला की फ्यूज उडू लागला. तेव्हा पाचव्याने फ्यूजच्या जागी तांब्याच्या बारीक तारा पिळून बसविल्या. फ्यूज उडणे अर्थातच थांबले! प्रत्येकाने आपले दाम घेतले आणि प्रत्येक वेळी गाडी दुकानातून धडधाकट बाहेर पडली.

येथे क्षणभर थांबावयास हवे. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. तारेतून प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. तार तापून तिचे आवरण वितळण्यापूर्वी फ्यूजने आपला जीव द्यावा, अशी योजना असते. त्याच्या जागी जाड तांबे घालणे म्हणजे घरात धूर दिसतो म्हणून डोळे मिटून घेणे होय. ज्याने ते घातले तो काही दुष्ट मनुष्य नसावा. ग्राहकाला फ्यूज वारंवार उडण्याचा त्रास होता, आणि तो त्रास त्याने पाच मिनिटांत थांबविला. परंतु कॅबिनमध्ये पाठ टेकून झोपणाऱ्या ड्रायव्हरच्या डोक्यापासून ती तापणारी तार हातभर अंतरावरून जात होती, याची त्याने गणना केली नाही.

सहावा कारागीर पॉवर हाऊसच्या बाजूला बसणारा एक वयस्क इलेक्ट्रिशियन होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याने प्रथम पक्कड उचललीच नाही. दिवा केव्हा विझतो, माल किती होता, पाऊस होता का, पूर्वी कोणी काय काय केले, असे तो एखाद्या जुन्या वैद्यासारखा विचारीत बसला. मग फ्यूजच्या जागचे तांबे काढून तेथे त्याने एक बल्ब जोडला. ही युक्ती मोठी गुणाची आहे. तार कोठे लोखंडाला चिकटली असेल तर हा बल्ब भगभगून पेटतो आणि प्रवाहाला स्वतःच लगाम घालतो. फ्यूज मात्र एकही जळत नाही. पोराला ब्रेक दाबून बसावयास सांगून उस्ताद गाडीखाली गेला आणि चौथ्याने ओढलेली वायर हळूहळू हलवू लागला. मागच्या चाकाजवळ बल्ब लख्ख झाला. पाचव्याचा आजार सापडला. ती वायर त्याने मुळीच काढून टाकली, ब्रेकलाईट पूर्वीच्या तारेवर जोडला आणि योग्य आकड्याचा फ्यूज बसविला.

अशा रीतीने तासभर जो शोध चालला तो मूळ दोषाचा नव्हताच. तो होता मागच्या उपायांचा. जुन्या गाडीत हे नेहमी आढळते, आणि केवळ गाडीतच आढळते असे नाही.

आता मूळ दोष. बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि तेथून परत, या वाटेवर अनेक जोड असतात. एकेक तपासत जाण्याऐवजी वाटेच्या मध्यावर पाहावे. तेथे प्रवाह नीट असेल तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष. मग उरलेल्याचा मध्य. सोळा जोड असतील तर अशा चार चाचण्यांत मुक्काम गाठता येतो. उस्तादाला दिव्यापाशी पूर्ण बारा व्होल्ट मिळाले. म्हणजे प्रवाह येत होता. प्रश्न होता परतण्याचा. गाडीत प्रवाह नेण्यासाठी तार असते, परंतु तो परततो बहुधा गाडीच्या लोखंडातून. याला गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात. दिव्याचा अर्थ मीटरच्या बझरने तपासला तर बझर वाजला. सगळे ठीक!

उस्तादाने या ठीकवर विश्वास ठेवला नाही. वाचकांनी या जागी लक्ष द्यावे अशी माझी इच्छा आहे. बझर वाजण्यासाठी मीटर नाममात्र प्रवाह सोडते, आणि वाटेत काही ओमचा अडथळा असला तरी ते खुशाल वाजते. परंतु एकवीस वॅटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा अवरोध साताच्या आसपासच असतो. गेओर्ग ओमने १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे पाच ओमचा गंज वाटेत बसला, तर बारापैकी जवळजवळ पाच व्होल्ट तो गंजच खाऊन टाकतो. म्हणून उस्तादाने दिवा पेटता ठेवला, ब्रेक दाबवला, आणि दिव्याचा अर्थ व बॅटरीचे ऋण टोक यांत मीटर लावले. जेथे काटा शून्याजवळ असावयास हवा तेथे पाचाच्या वर गेला. ओझ्याविना घेतलेली परीक्षा उत्तीर्ण झालेली वस्तू ओझ्याखाली नापास झाली. माणसांच्या बाबतीत आपण हे रोज पाहतो, तरी साक्ष मात्र बझरचीच काढतो.

मालाच्या हौद्याखाली चॅसिसला बोल्टने आवळलेले एक थिंबल होते. त्याच्याखाली कोणी तरी कधी तरी रंग मारला होता, रंगाखाली गंज चढला होता. माल भरला की हौदा दबे, थिंबल हाले आणि परतीची वाट बंद होई. वाट बंद झाली की ब्रेकचा प्रवाह त्याच बल्बच्या दुसऱ्या तंतूतून उलटा शिरे आणि टेललाईटच्या तारेने पुढे जाऊन डॅशबोर्डच्या दिव्यांतून लोखंड गाठी. म्हणून ते मिणमिणत. रात्री दोन्ही तंतूंना दोन्हीकडून सारखाच दाब मिळे, प्रवाहाला जाण्यास जागाच उरत नसे आणि दिवा विझे. म्हणजे ज्याला आपण विचित्र खोड म्हणत होतो ती दोषाने स्वतः दिलेली सरळ साक्ष होती. पॉलिश पेपरने लोखंड लख्ख केले, नवे थिंबल व बोल्ट लावले, वरून ग्रीस चोपडले. काम संपले.

फ्रान्समधील विचारवंत सिमोन वेल हिने १९३४-३५ साली कारखान्यांत मजूर म्हणून काम केले होते. अवधान हा तिच्या विचाराचा कणा होता. आपले ठरलेले उत्तर बाजूस ठेवून वस्तूला बोलू देणे, असा तिच्या म्हणण्याचा आशय मी समजतो. पहिल्या पाच जणांजवळ उत्तर आधीच तयार होते आणि ते दुकानातल्या फळीवर डब्यात विक्रीला ठेवलेले होते. सहाव्याने प्रश्न उघडा ठेवला.

आता दुसरा प्रश्न. ही सारी तपासणी मालकाने केली ती गाडी विकावयाची होती म्हणून. गाहक ठरला होता, धमध्याकडचा एक होतकरू मुलगा. घरच्यांचे म्हणणे असे पडले की, जुनी गाडी आहे हे तो जाणतोच. जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो, तो आपल्याजवळ आहे. मग न विचारलेले सांगावयाचे कशाला?

हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो दिला आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजले आहे, हे केवळ विकणाराच जाणतो. त्याने ते सांगावे काय? बाबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, कायदा सांगावयास लावील तेवढे सांगावे. गप्प राहणे म्हणजे फसविणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणे जसे, तसेच हे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने यात एक उपयुक्त भेद केला. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते गाहकाला दिसतेच. किंमत त्या मानाने घेतली म्हणजे विक्रेत्याने गप्प राहिले तरी चालेल. परंतु दोष दडलेला असेल आणि त्यापासून धोका किंवा नुकसान संभवत असेल, तर तो सांगितलाच पाहिजे.

आपल्या गाडीचा रंग उडाला होता, पत्रा चेपला होता. तो एका डोळ्याचा घोडा. थिंबलाचा दोष मात्र रिकाम्या गाडीत, कोरड्या दिवशी, तपासणीच्या वेळी दिसणाराच नव्हता. म्हणून दाखल्याकडे बोट दाखविणे मला पटत नाही. दाखला खोटा नव्हता, पण तोही बझरच होता. दुरुस्तीनंतरही एक गोष्ट शिल्लक होतीच. फ्यूजच्या जागी तांबे असताना आतल्या गुच्छातील तारा किती तापल्या असतील हे बाहेरून कळणे शक्य नव्हते. मालकाने ते मुलाला सांगितले. मुलाने किमतीत घासाघीस केली नाही. तेवढा गुच्छ आपल्यासमोर उघडावा, असे म्हणाला. उघडला तेव्हा दोन तारांचे आवरण एकमेकांना चिकटलेले निघाले. त्या बदलण्याचा खर्च मालकाने सोसला.

राहिला पहिला प्रश्न, कारागिराचा. पाच जणांवर रागावणे सोपे आहे. परंतु आपण पैसे कशाचे देतो ते पाहा. नवा स्विच हातावर ठेवला की त्याची किंमत आपण बिनबोभाट मोजतो. तीन तास शोधून पाच रुपयांचे थिंबल बदलले तर ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ असे म्हणतो. डॉक्टरांच्या निदानाची फी देताना हा विचार मनात येत नाही. ज्याचे शोधण्याचे श्रम कोणी विकत घेत नाही, तो शोधण्याऐवजी सामान बदलून पोट भरतो, आणि ही सवय त्याला लावण्यात गाहकांचा वाटा निम्म्याहून कमी नाही असे माझे मत आहे. कारागिराची जबाबदारी यामुळे संपत नाही. तांब्याची तार बसविणाऱ्याने निदान तसे तोंडाने सांगावयास हवे होते. पण सचोटीने वागणाऱ्याला तोटा व्हावा अशी व्यवस्था आपणच रचावी आणि मग सचोटी उरली नाही म्हणून हळहळावे, हे कितपत न्याय्य?

उस्तादाने बिल लिहिले ते असे: थिंबल, बोल्ट, फ्यूज, स्लीव्ह, आणि त्याखाली एक ‘रिले’. मालकाने विचारले, “उस्ताद, रिले कोठे बसविला?” उस्ताद जरा ओशाळला. रिले बसविलाच नव्हता. मजुरीचा आकडा मोठा दिसला की लोक भांडतात, म्हणून ती तो सामानाच्या नावाखाली लिहीत असे. मालकाने बिल परत केले आणि दुसरे लिहावयास सांगितले. रक्कम तीच राहिली. ‘रिले’च्या जागी उस्तादाने बराच वेळ विचार करून हिंदीत लिहिले, ‘फॉल्ट ढूँढने का, तीन घंटा’.