आकडा कुणाची अमानत?

फुप्फुसाचा कॅन्सर फुप्फुसापुरताच असतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्या एका गाठीची खबर साऱ्या शरीराला लागलेली असते. गाठीभोवती दाह होतो, त्याचे संदेश रक्तातून यकृतापर्यंत पोचतात, आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन नावाचे प्रथिन जास्त बनवू लागते. अल्ब्युमिन मात्र घटते. कॅन्सर आणि दाह यांचे नाते असावे असा विचार जर्मनीच्या रूडॉल्फ विर्चो यांनी १८६३ सालीच मांडला होता. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये त्याचे सोपे गणित केले. शस्त्रक्रिया शक्य नसलेले फुप्फुसाच्या कॅन्सरचे १६१ रुग्ण त्यांनी अभ्यासले. पहिले प्रथिन लिटरमागे १० मिलिग्रॅमहून जास्त असेल तर एक गुण, अल्ब्युमिन ३५ ग्रॅमहून कमी असेल तर आणखी एक. शून्य, एक किंवा दोन. ज्यांना दोन, ते बहुधा लवकर जातात. आमच्या शाळेत गुण वाढले की पेढे वाटतात. इथे सारे उलटे.

अलीकडे तर साध्या सीबीसीवरूनही न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर काढून असाच अंदाज बांधतात. म्हणजे शे-दोनशे रुपयांच्या कागदावर माणसाच्या उरलेल्या दिवसांचा इशारा उमटू शकतो. हा कागद कुणाचा, हा आमचा प्रश्न आहे.

काही जण म्हणतील, मौतीची घडी अल्लाहखेरीज कुणाला ठाऊक? बरोबर आहे, आणि ग्लासगोवाल्यांचाही तसा दावा नाही. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण किती नापास होतील हे शिक्षक सांगू शकतो. तिसऱ्या बाकावरचा मुलगा नापास होईल हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. शिवाय टीबी किंवा न्यूमोनिया असला तरी हेच प्रथिन वाढते. आकडा समूहाचा असतो, मरण एकट्याचे.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ कॅन्सर झाला. याविषयी वाचण्यासारखे फारसे नाही, असे डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितले. ते ग्रंथालयात गेले. तिथे मध्यक आयुष्य आठ महिने असल्याचे त्यांना दिसले. पण मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांनंतरही हयात, आणि त्या निम्म्यांची रांग फार लांब जाऊ शकते, हे त्यांना कळत होते. १९८५ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि २००२ पर्यंत जगले. अखेर गेले ते दुसऱ्याच, फुप्फुसाच्या कॅन्सरने. गूल्ड यांना आकडा समजला म्हणून त्यांनी त्याच्याशी हुज्जत घातली. ज्याला तो सांगितलाच नाही, त्याने हुज्जत कशाशी घालावी?

आपल्याकडे काय होते ते सर्वांना माहीत आहे. रिपोर्ट थोरला मुलगा आणतो. तपासणीच्या खोलीबाहेर दबक्या आवाजात म्हणतो, "डॉक्टरसाहेब, अब्बांना काही सांगू नका." मग मामू, खालू, शेजारी सगळ्यांना कळते, अब्बांना सांगतात, छातीत पाणी झालेय. यामागे प्रेम असते, हे आम्ही नाकारत नाही. पण रक्त अब्बांचे, दुखणे अब्बांचे, आणि त्या रक्ताने सांगितलेली गोष्ट मात्र मुलाच्या खिशात! अमानत ज्याची त्याला पोचवायची असते.

आपल्या शरीयत कायद्याने तर याचा फार पूर्वी विचार केला आहे. मर्ज-उल-मौत, म्हणजे ज्या आजारात मरणाची धास्ती आहे त्यात केलेली बक्षिसी, कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतीच चालते. जास्त द्यायचे तर वारसांची संमती लागते. या कायद्याने गृहीत धरलेला माणूस आपले मरण जवळ आल्याचे जाणणारा आहे. कुणाचे कर्ज फेडायचे, कुणाची माफी मागायची, बेटीला काय द्यायचे, हे त्याने केव्हा ठरवावे? आम्ही त्याला त्या जाणिवेपासूनच दूर ठेवतो आणि मागाहून वारस भांडत बसतात.

खरे सांगितले तर रुग्ण खचून लवकर मरेल, ही भीती आम्हांला सर्वांत मोठी वाटते. तिच्याविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१० मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच वेदना, उदासी आणि पुढची वाट यांविषयी मोकळेपणाने बोलणारी पॅलिएटिव्ह सेवा दिली. ते सुमारे ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर जहाल उपचारही कमी झाले.

याचा अर्थ प्रत्येकाच्या तोंडावर "तुमचे गुण दोन" असे फेकावे असा नाही. काहींना खरोखरच जाणून घ्यायचे नसते, आणि तोही त्यांचाच हक्क. पण ते त्यांना विचारल्याशिवाय कळणार कसे? रक्त काढण्यापूर्वीच, मुलगा शेजारी उभा असताना, डॉक्टरांनी सरळ विचारावे: "चाचा, रिपोर्ट आला की तुम्हांला सांगू, की मुलाला?"