एका छताखालची शास्त्रे

थिओडोर कुक हे मूळचे रेल्वेचे अभियंते. आयर्लंडहून आल्यावर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेसाठी वसईच्या खाडीवर लोखंडी पूल उभा राहत होता, त्या कामावर ते होते. १८६५ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले आणि पाव शतकाहून अधिक काळ ते पुण्यात राहिले. पण आज कुकांचे नाव घेतात ते वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. सह्याद्रीच्या पठारावर एखादे रोप ओळखता आले नाही की अजूनही ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ उघडला जातो. १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ कुकांचा. पुलाचा हिशेब मांडणारा आणि गवताच्या जाती मोजणारा माणूस एकच होता, आणि तो ज्या संस्थेचा प्रमुख होता तिला यात काही वावगे वाटत नव्हते.

ही संस्था म्हणजे आपण सगळे ‘सीओईपी’ म्हणतो ती. १८५४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा हेतू अगदी मर्यादित होता. रस्ते, पूल, कालवे, इमारती यांच्या सरकारी कामांवर दुय्यम दर्जाची माणसे हवी होती, ती इथेच तयार करायची. मुंबई विद्यापीठाशी जोडली गेल्यावर तिथे पदवीचे शिक्षण आले. मात्र खरा विस्तार झाला तो १८८० च्या सुमारास. शेतकी आणि वनविद्येचे वर्ग तिथे भरू लागले आणि संस्था ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाली. पुढची तीसेक वर्षे स्थापत्य, शेती, वने, रसायन, वनस्पती हे सारे एकाच छताखाली होते. संस्थेच्या इतिहासात हा कालखंड दोन ओळींत उरकला जातो. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

याच काळात म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन आलेला एक विद्यार्थी १८८३ मध्ये इथून अभियंता होऊन बाहेर पडला. विश्वेश्वरय्यांचे नाव घेतले की खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे सर्वांना आठवतात. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवणारी ती रचना खरोखरच थक्क करणारी आहे. पण नीरा कालव्यासाठी त्यांनी सुचवलेली ‘ब्लॉक’ पद्धत मला त्याहून मोठी वाटते. लाभक्षेत्राचे गट पाडायचे आणि गटातल्या जमिनीत ऊस, भात व कमी पाण्याची पिके आलटूनपालटून घ्यायची. त्यामुळे पाणी अधिक गावांना पुरते, आणि एकाच जागी मुरून जमीन चोपण होत नाही. इथे लोखंड आणि चुना यांच्या ज्ञानाने भागत नाही. माती किती पाणी धरते, उसाला किती लागते, शेतकरी कोणत्या पिकाला नकार देईल, हे ठाऊक असावे लागते. विश्वेश्वरय्यांनी नोकरीची सुरुवातीची वर्षे खानदेशातही काढली होती, आणि तिथे पांझरेच्या काठी शेतकरी पिढ्यानपिढ्या फड पद्धत चालवत आले होते. तीही अशीच, शिवाराचे भाग पाडून पीक आणि पाणी ठरवणारी. दोन्हींतले साम्य डोळ्यांत भरते.

मग वाटण्या झाल्या. १९०७ च्या सुमारास शेतकी महाविद्यालय वेगळे झाले. १९११ पासून जुनी संस्था ‘कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग’ या नावाने निव्वळ अभियांत्रिकीची राहिली. तिकडे शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ असूनही पिंपळे सौदागर गावात घरोघरची जमीन, कर्ज, मजुरी यांचा हिशेब मांडत होते. म्हणजे जुने वळण टिकले, पण दुसऱ्या आवारात.

या विभागणीने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे याच संस्थेत दूरसंचार शिकलेले थॉमस कैलाथ माहितीशास्त्रात जगभर मान्यता पावले. बारामतीत जन्मलेल्या आणि इथेच शिकलेल्या सी. कुमार पटेलांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर घडवला. २०१६ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह पीएसएलव्हीने अवकाशात सोडला. एका विषयात खोल उतरल्याशिवाय हे होत नाही. माझी तक्रार इतकीच, की खोली मिळवताना रुंदी सोडून द्यावी लागते असे आपण गृहीत धरले, आणि शंभर वर्षे ते तपासलेच नाही.

त्याची किंमत संस्थेच्या कुंपणाला लागूनच दिसते. बोट क्लबचे विद्यार्थी संगमाजवळच्या ज्या पात्रात वल्ही मारतात त्यात शहराचे सांडपाणी मिसळते. नदीकाठ सुधार प्रकल्पावरून पुण्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. एका बाजूला पुराची पातळी आणि भिंतींची आखणी मांडणारे, दुसऱ्या बाजूला काठची झाडे, पक्षी, झरे मोजणारे. दोघेही आपल्या विषयात जाणकार; फक्त एकमेकांचा विषय कोणी शिकलेला नाही. कुकांच्या संस्थेत हे दोन्ही गट एकाच व्हरांड्यातून वावरले असते.

२०२२ मध्ये सीओईपी स्वतंत्र विद्यापीठ झाले. अभ्यासक्रम आखणे, परीक्षा घेणे, पदवी देणे हे आता त्याच्याच हातात आहे. शेतकी महाविद्यालय दूर नाही, शिवाजीनगरातच आहे. ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे असल्याने दोन कुलगुरूंना करार करावा लागेल, एवढेच. स्थापत्यच्या विद्यार्थ्याने एक पूर्ण सत्र तिथे माती आणि पिके शिकावीत, शेतकीच्या विद्यार्थ्याने इकडे येऊन जलशास्त्र शिकावे, आणि दोघांनी मिळून खडकवासल्यापासून संगमापर्यंतच्या मुठेचा प्रकल्प करावा. त्याचे श्रेयांक दोन्ही विद्यापीठांनी मान्य करावेत. येत्या शैक्षणिक वर्षापासून वीस-पंचवीस विद्यार्थ्यांवर सुरुवात करायला काहीच हरकत नाही.